शेवटच्या दोन किलोमीटरांसाठी टायर

गिरगावच्या फणसवाडीत राहणाऱ्याने चिखलाच्या टायरांवर लिहावे याचे कुणाला हसू आले तर मी समजू शकतो. आमच्या गल्लीत गाडी वळवायची तर एकाने खाली उतरून "येऊ दे, येऊ दे, बस!" करावे लागते. पण गिरगावातल्या कितीतरी घरांचा एक पाय कोकणात असतो. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात गाडी काढायची, साडेतीनशेवर किलोमीटर डांबर आणि काँक्रीट मागे टाकायचे आणि शेवटचे दोन किलोमीटर लाल कच्च्या रस्त्याने वाडीत उतरायचे. आमचा ऑफ-रोड तो एवढाच.

आमच्याकडे बोलेरो आहे, मागच्या चाकांवर चालणारी साधी. गाव राजापूर तालुक्यात, सासुरवाडी बार्शीकडे. त्यामुळे लाल माती, काळी माती आणि मुंबईचा रस्ता, तिन्ही आमच्या टायरांच्या नशिबी येतात. टायर बदलायची वेळ आली की भाचा मोबाइल पुढे करतो, "मामा, हे बघ, कसले भारी दिसतील!" दिसतील खरे. त्याच्याशी वाद घालता घालता जे पक्के होत गेले, ते इथे मांडतो.

१. आधी किलोमीटर मोजा

दुकानात तीन जाती समोर येतात. एच/टी हा हायवेचा टायर: नक्षी बारीक, आवाज कमी, ओल्या डांबरावर भरवशाचा. एम/टी हा चिखलाचा: मोठे ठोकळे, मध्ये बोट जाईल एवढ्या रुंद खाचा. ए/टी दोघांच्या मधला, आणि त्यातही कुणी हायवेकडे झुकलेला, कुणी चिखलाकडे.

गिरगावातून निघालेली गाडी फ्रीवे, अटल सेतूचे २१.८ किलोमीटर, पेण, माणगाव, महाड, कशेडीचा बोगदा, चिपळूण, लांजा असे करत राजापूर गाठते. वाटेत खडी, मुरूम आणि डायव्हर्जन लागतात. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि त्या काळात शाळेत जाणारी आमची पोरे आता नोकरीला लागली. तरीही हिशेब मांडला तर शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव किलोमीटर पक्क्या रस्त्याचेच निघतात. त्या एक-दोन टक्क्यांसाठी एम/टी घेतला तर बाकी सगळ्या रस्त्यावर त्याची गुणगुण ऐकावी लागते, डिझेल जास्त जाते आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त जागा घेते. मागच्या सीटवर आई बसणार असेल तर त्या आवाजाचा निकाल पेणच्या आतच लागतो.

खरे ऑफ-रोड टायर ट्रॅक्टरचे आणि खाणीतल्या गाड्यांचे. ते बनवून जगभर विकणाऱ्या बाळकृष्ण इंडस्ट्रीजचे मुख्यालय आपल्या लोअर परळलाच आहे. त्यांच्या ट्रॅक्टर टायरचे तिरके, उंच दात एकदा जवळून बघावेत. आपल्या गाडीच्या एम/टीचा रुबाब मग जरा उतरतो.

२. मुंबईचा पाऊस हीच पहिली परीक्षा

मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माझी गाडी घसरली असती तर ती गावाकडच्या अणुस्कुरा घाटात नव्हे, जगन्नाथ शंकरशेट मार्गावर घसरली असती. मेट्रो ३ चे काम चालू होते तेव्हा गिरगाव आणि काळबादेवीत रस्त्यावर लोखंडी प्लेटा टाकलेल्या असत. पहिल्या पावसात त्यांच्यावर धूळ आणि तेलाचा थर बसला की भल्याभल्यांचे ब्रेक वाया जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाली. पण मुंबईत एक खोदकाम संपले की दुसरे दुसरीकडे सुरू होते, हे सांगायला नको.

ओल्या रस्त्यावर पकड येते ती ठोकळ्यांवर कापलेल्या बारीक चिरांमुळे आणि मऊ रबरामुळे. टायर आणि रस्ता यांच्यातले पाणी त्या चिरा आणि खाचा बाहेर काढतात. ते निघाले नाही तर गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. एम/टीच्या मोठ्या ठोकळ्यांवर अशा चिरा कमी असतात आणि मधल्या रुंद खाचांमुळे रस्त्याला टेकणारे रबरही कमी. चिखलात जी मोकळी जागा कामाची, तीच ओल्या काँक्रीटवर नडते. म्हणून ए/टी निवडतानाही मी आधी ठोकळ्यांवरच्या चिरा बघतो. ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि रोलिंग रेझिस्टन्स यांसाठी आपल्याकडे एआयएस-१४२ हे मानक आहे. घेत असलेला टायर त्यात बसतो का, हे दुकानदाराला विचारायला लाजू नका.

कारच्या टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचेच्या तळाशी तेवढ्या उंचीचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण पाणी बाहेर फेकायची ताकद त्याच्या बरीच आधी कमी होते. माझा नियम सोपा आहे: नक्षी तीन मिलिमीटरवर आली की पुढचा पावसाळा त्या टायरवर काढायचा नाही. "अजून एक सीझन जाईल साहेब" असे सांगणारा पंक्चरवाला तुमचे पैसे वाचवायला बघतो, त्याचा हेतू वाईट नसतो. पण पावसात गाडी तुम्हालाच चालवायची असते.

३. लाल मातीचा उपाय काळ्या मातीला चालत नाही

या मुद्द्यावर भाच्याशी सर्वांत जास्त वाद झाला, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या गावाकडे जांभा. पावसात वर लाल चिखलाचा पातळ, बुळबुळीत थर आणि खाली टणक दगड. इथे टायरने वरचा थर कापून तळ धरायचा असतो. त्यासाठी टायर फार रुंद नसलेला बरा, कारण रुंद टायर चिखलाच्या वरूनच सरकतो. चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी माझगावात विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या जीपचे टायर सहा इंच रुंद असत, म्हणजे जेमतेम १५२ मिलिमीटर. आमच्या बोलेरोचे २१५ आहेत. लष्करासाठी बनलेली ती जीप त्या सहा इंचांवर चिखलातून, नदीनाल्यांतून जात होती. रुंदी म्हणजे ताकद हे समीकरण जाहिरातीतून आलेले आहे.

जांभ्याचा दुसरा त्रास त्याच्या कडांचा. रस्त्यावर पसरलेला फुटका जांभा आणि डायव्हर्जनवरची काळ्या पाषाणाची खडी टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, चिरते. तळाला खिळा घुसला तर मशरूम पॅच लावून टायर वर्षानुवर्षे चालतो. बाजूला चीर गेली की दुरुस्ती नाही, टायर टाकून द्यावा लागतो. मी मध्यम जातीचा ए/टी घेतो तो या बाजूसाठी. चांगल्या ए/टीची बाजू हायवे टायरपेक्षा जाड आणि मजबूत असते. नक्षीकडे सगळे बघतात, बाजू कुणी दाबून बघत नाही.

बार्शीकडची गोष्ट वेगळी. काळी रेगूर माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. सोऱ्याच्या भोकांत चकलीचे पीठ बसावे तशी ती खाचांत बसते आणि दोन-तीन फेऱ्यांत कोणताही टायर गोटा होतो. एम/टी आपल्या खाचा झटकून मोकळ्या करतो हे खरे, पण त्यासाठी चाक जोरात फिरायला हवे, आणि शेतात जोरात फिरणारे चाक स्वतःची कबर खणते. इथे तळही लागत नाही. मग करायचे काय? सासऱ्यांचे उत्तर एका वाक्याचे असते, "वाफसा येऊ द्या," म्हणजे जमीन पुरेशी सुकू द्या. जमीन पायाला चिकटत असेल तोवर शेतकरी आपली अवजारेही शेतात घालत नाही, आपणही गाडी बांधावर ठेवून चालत जावे. या मातीसाठी मी कुठल्याही टायरची शिफारस करणार नाही.

४. साइज वाढवण्याआधी कागद-पेन्सिल घ्या

भाच्याचा लाडका हट्ट म्हणजे २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५. हिशेब असा: पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. त्याप्रमाणे जुन्या टायरचा एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर आणि नव्याचा ७३३.५. फरक तीस मिलिमीटरचा, म्हणजे गाडी उचलली जाणार दीड सेंटिमीटर. गावच्या रस्त्यातला दगड दीड सेंटिमीटरने चुकत नाही.

बदल्यात मिळते काय? स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८३ च्या वर असते, किलोमीटर कमी नोंदले जातात, चढावर इंजिनाला ओढ कमी पडते आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर मडगार्डला घासायची शक्यता राहते. फणसवाडीत तर दर वळणावर पूर्ण स्टिअरिंग! शिवाय कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य न केलेला साइज असेल तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जो साइज देते तिथपर्यंत ठीक, त्यापुढे नको.

५. बाजूवरचे बारीक आकडे वाचा

साइजच्या पुढे '१०० एस' असे काहीतरी असते. १०० म्हणजे त्या टायरने पेलायचे वजन ८०० किलो, एस म्हणजे कमाल वेग १८० किलोमीटर. गाडीसोबत आलेल्या टायरपेक्षा हा आकडा कमी नको. गणपतीच्या गाडीत माणसे, पिशव्या आणि वर मखराचे सामान असते. 'एम प्लस एस' या चिखल-बर्फाच्या खुणेवर मात्र फार विसंबू नका. ती नक्षीची जात सांगते, तिच्यामागे कसोटीचा दाखला नसतो.

६. आमच्याकडे टायर झिजण्याआधी म्हातारा होतो

दक्षिण मुंबईतली घरची गाडी वर्षाला फार चालत नाही. ऑफिसला लोकल, बाजाराला पायी. नक्षी भरपूर असते आणि मालक खूश असतो. पण रबर उन्हाने, हवेतल्या ओझोनने आणि नुसत्या काळानेही कडक होत जाते. बाजूला केसासारख्या भेगा दिसू लागल्या की समजावे. ओल्या रस्त्यावर असा टायर गोट्या टायरइतकाच दगा देऊ शकतो.

बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. एका दुकानात मला 'नवा माल' म्हणून दाखवलेल्या टायरवरची तारीख तीन वर्षांपूर्वीची निघाली. सवलत एवढी का, हे तेव्हा कळले. मी सहा महिन्यांपेक्षा जुना टायर घेत नाही. पाच वर्षांनंतर दर पावसाळ्याआधी जाणकाराकडून तपासून घेतो आणि दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही असली तरी काढतो. कमी चालणाऱ्या गाडीला महागडा, 'लाखभर किलोमीटर जाईल' असा कडक रबराचा टायर घेऊ नये, हेही यातूनच निघते. ते किलोमीटर आपण वापरणारच नसतो.

पार्किंगचेही तसेच. गल्लीत जागा मिळते ती फुटपाथच्या दगडाला चिकटून. रोज दगडावर बाजू घासली, अर्धे चाक कडेवर चढवून रात्रभर ठेवले, की आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर घेऊन हायवेला जाऊ नका, दोन किलोमीटरसुद्धा.

७. हवा ही फुकटातली फोर बाय फोर

दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर हवेचा आकडा असतो. त्याच स्टिकरवर पूर्ण भारासाठी मागच्या चाकांचा आकडा बहुधा वेगळा, जास्तीचा दिलेला असतो. गावी निघताना तो दुसरा आकडा पाळा. हवा थंड टायरमध्ये बघायची. चालून तापलेल्या टायरमध्ये ती वाढलेली दिसते आणि ती कमी केली की सकाळी टायर बसलेला. कमी हवेचा टायर भरलेल्या गाडीखाली सतत दुमडतो, तापतो आणि फुटतो. २०२३ साली समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गोट्या टायरांच्या गाड्या अडवल्या होत्या. तपासणी होवो न होवो, स्वतःच्या टायरकडे स्वतः बघावे.

आता उलटी बाजू. वाडीकडे वळल्यावर चिखल दिसला की मी हवा कमी करतो. बत्तीस पीएसआयच्या आसपास असेल तर चोवीसपर्यंत. टायर लांबट होऊन जमिनीला जास्त टेकतो, खड्ड्याचा दणका कमी बसतो आणि पहिल्या प्रयत्नात न चढलेला चढ गाडी मुकाट चढते. नक्षी तीच, गाडी तीच. मात्र वेग सायकलचा ठेवायचा, स्टिअरिंग झटक्याने वळवायचे नाही, आणि भरलेल्या गाडीत यापेक्षा खाली जायचे नाही. फुटका जांभा पसरलेला असेल तर हवा कमी करण्यातही धोका आहे, कारण फुगलेली बाजू दगडाच्या तोंडी जाते. तिथे एकाने खाली उतरून चाकाची वाट दाखवावी. गल्लीतला सराव कामाला येतो.

डांबरावर परत आल्यावर हवा लगेच भरायची, यासाठी बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि हवा मोजायचा साधा गेज एवढे घ्या. दोन्ही ऑपेरा हाउसच्या बाजूला सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. चार एम/टी टायर आणि साध्या टायरांच्या किमतीतल्या फरकात ते येऊन वर पैसे उरतात. नायट्रोजनवर खर्च करायचा की नाही तुम्ही ठरवा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

८. दोनच नवे घ्यायचे असतील तर मागे लावा

सगळे पुढे लावायला सांगतात. पावसात पुढची चाके सुटली तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढल्यावर सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते. फोर बाय फोरला मात्र चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत.

९. पुळणीवर गाडी नेऊ नका

वाळूसाठी कोणता टायर, असे विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर अडकलेली आणि भरतीने गिळलेली गाडी दर वर्षी बातमीत येते. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदीही आहे. वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. अशा किनाऱ्यावर चाकांनी वाळू दबते आणि चाकोऱ्यांत पिल्ले अडकतात. मुंबईच्या गाड्यांनी हे करावे याचा मला राग येतो, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना नवेकोरे एम/टी असतात.

१०. जुने टायर घरी आणू नका

'लागेल कधीतरी' म्हणून काढलेला टायर गच्चीवर जातो. पावसात त्यात पाणी साचते आणि डासांची सोय होते. महापालिकेची माणसे पावसाळ्याआधी असे टायर उचलतात. दुकानातच देऊन या.

११. पाचवा टायर

नव्या नियमांनुसार हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असेल तर कारला स्टेपनी नसली तरी चालते. ही सूट २०२० साली आली. शहरापुरते ठीक आहे. पण किट खिळ्याचे भोक बुजवते, जांभ्याने फाडलेली बाजू नाही. गावाकडे जाणाऱ्याने स्टेपनी नसलेली गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि स्टेपनी बाकीच्या चारांच्याच मापाची हवी.

आमच्या बोलेरोची स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली असते, ऊन खाते, आणि तिच्यात हवा आहे की नाही हे कुणी बघत नाही. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी गिरगावातल्या प्रत्येक पंक्चरवाल्याकडे रांग असते. तुम्ही चार दिवस आधी जा, पाचही टायरांची हवा आणि तारीख बघून घ्या, आणि जॅक व पाना गाडीत आहेत ना, तेही बघा.